पिलर, बोल्ट आणि हिशेब: अंडरग्राउंड कोळसा खाणीबद्दल वाचकांचे प्रश्न

नागपुरात कोळसा म्हटलं की लोकांना कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या आठवतात, पण इथून तास-दीड तासाच्या आत सावनेर, सिल्लेवाडा ह्या पट्ट्यात जमिनीखालच्या खाणी आहेत आणि तिथे माणसं पाळीपाळीने खाली उतरतात हे शहरातल्या बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतं. माझी सगळी नोकरी अंडरग्राउंडमध्ये गेली, आधी खाली आणि मग प्लॅनिंगच्या टेबलावर. आलेल्या प्रश्नांतले सहा घेतोय. काहींना लांब उत्तर दिलंय कारण विषयच तसा आहे.

प्रश्न: माझ्या मिस्टरांची नुकतीच खाली बदली झाली, एसडीएल (खाली कोळसा भरणाऱ्या) मशीनवर. घरी काही बोलत नाहीत. मला गॅसची फार भीती वाटते. खरा धोका कशाचा असतो? (सावनेरहून एक ताई)

ताई, गॅसची भीती चुकीची नाहीये, पण अंडरग्राउंडमध्ये वर्षानुवर्षं सगळ्यात जास्त जीव घेतलेत ते छत आणि बाजू कोसळण्याने. गॅसचा स्फोट झाला की एकदम पन्नास माणसं जातात, पेपरात येतं, म्हणून लक्षात राहतं. छताचा दगड एकेका माणसाला नेतो, त्याची बातमी दोन ओळींची असते.

ब्लास्टिंग झालं की फेसपुढचं, म्हणजे कोळसा तोडायच्या जागेपुढचं, जे छत नवीन उघडं पडतं त्याला खाली ग्रीन रूफ म्हणतात, म्हणजे अजून सपोर्ट न लागलेलं छत. तिथे जायची पद्धत ठरलेली आहे. धूर निघून जाऊ द्यायचा, मग मायनिंग सरदार (पाळीतली सुरक्षा बघणारा माणूस) येऊन गॅस बघणार आणि छत बघणार, ड्रेसर सपोर्टखाली उभा राहून लांब पहारीने छत ठोकणार, ठणठणीत आवाज आला तर दगड घट्ट, भद्द आवाज आला तर वर थर सुटलाय, सुटलेलं पाडून टाकायचं, तात्पुरते प्रॉप (टेकू) लावायचे आणि त्यांच्या आडोशाने छतात लोखंडी बोल्ट मारत मारत पुढे सरकायचं. ह्यातली एक पायरी गाळली तर बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि नेमका घात तिथेच आहे, कारण दहादा काही झालं नाही की अकराव्यांदा माणूस बिनधास्त जातो.

मी असिस्टंट मॅनेजर असताना एका खाणीत पाहिलेलं सांगतो. ड्रिल रॉड शेवटच्या बोल्टच्या पुढे दोन-तीन पावलांवर पडला होता, पोरगा तो उचलायला गेला आणि खाटेएवढा दगड आला. जीव वाचला पण पाय गेला. चौकशीत लिहिलं गेलं की कामगार सपोर्ट नसलेल्या छताखाली गेला, ते खरंच होतं. पण बोल्ट बसवायच्या सिमेंट कॅप्सूल दोन दिवसांपासून स्टोअरमध्ये नव्हत्या, सपोर्ट मागे पडत चालला होता तरी फेस चालू ठेवला होता, हेही तेवढंच खरं होतं. एक कॅप्सूल ती केवढ्याची. फेस थांबवा असं मी त्या दिवशी ठामपणे म्हणायला पाहिजे होतं, म्हटलं नाही, हे आजही मला खातं.

त्यांना चार गोष्टी विचारा. मशीनवर डोक्यावर कॅनोपी आहे ना, भरताना तुम्ही स्वतः बोल्ट लागलेल्या छताखाली असता ना, सेल्फ रेस्क्युअर (विषारी हवेत श्वास घ्यायचं उपकरण) कमरेला असतो की कुठेतरी खिळ्याला टांगून ठेवता, आणि मशीन मागेपुढे होताना कोणी बाजूला उभं राहत नाही ना. घरची बाई नेमकं विचारते म्हटल्यावर माणूस खाली गेल्यावर आठवतो, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय.

प्रश्न: सर, मी मायनिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बोर्ड अँड पिलरमध्ये (कोळशात गॅलऱ्या, म्हणजे बोगदे, काढून मधे कोळशाचेच खांब सोडायची पद्धत) एवढा कोळसा पिलरमध्ये सोडतो, तो वायाच ना? इकॉनॉमिक्स शिकवताना रिकव्हरी वाढवा म्हणतात आणि सेफ्टी शिकवताना पिलर मोठा ठेवा म्हणतात. (नागपूर)

तुझा प्रश्न फार चांगला आहे, हे दोन विषय वेगवेगळ्या सेमिस्टरला शिकवतात म्हणून ते दोन आहेत असं वाटायला लागतं. नकाशा काढायला बसलास की एकच.

आधी आकडे करून बघ. कोल माइन्स रेग्युलेशन्समध्ये खोली आणि गॅलरीच्या रुंदीप्रमाणे पिलरचं तक्ताबंद माप दिलंय, सेंटर टू सेंटर, म्हणजे एका पिलरच्या मध्यापासून शेजारच्या पिलरच्या मध्यापर्यंत. गॅलरी ४.८ मीटर धर, म्हणजे जास्तीत जास्त परवानगीची. खोली ६० मीटरपर्यंत असेल तर सेंटर १९.५ मीटर. १५० ते २४० मीटर खोलीला ३४.५. २४० ते ३६० ला ४५. आता पहिल्या फेरीत, म्हणजे नुसत्या गॅलऱ्या काढताना किती कोळसा निघतो त्याचा हिशेब कर. उथळ खाणीत साधारण ४३ टक्के, दोनशे मीटरवर २६ टक्के आणि तीनशे मीटरवर जेमतेम २० टक्के. म्हणजे जितकं खोल तितका वरच्या दगडाचा भार जास्त, तितका पिलर जाडा आणि तितका तुझा कोळसा अडकलेला.

पण अडकलेला म्हणजे वाया नाही. तो डिपिलरिंगच्या वेळी, म्हणजे शेवटी पिलरच काढून घेताना, काढायचा असतो. विकास करताना, म्हणजे गॅलऱ्या काढताना, तो पिलर छत धरतो, तुझ्या माणसांच्या जाण्यायेण्याचा रस्ता धरतो, हवेचा रस्ता धरतो. दोनशे मीटरवरचा एक पिलर घे, २९.७ मीटर बाय २९.७, उंची ३ मीटर, कोळशाचं वजन घनमीटरला १.४ टन धर, साडेतीन हजार टनांच्या वर कोळसा एका पिलरमध्ये आहे. कोणाला तरी वाटतं की विकास करतानाच गॅलरी अर्धा मीटर रुंद केली तर तेवढा कोळसा आत्ताच मिळेल, टार्गेट आत्ताच होईल. ह्याला आम्ही पिलर चोरणं म्हणायचो. रुंदी वाढली की छताचा स्पॅन वाढतो, बोल्ट जास्त लागतात, पिलरच्या बाजू सुटायला लागतात आणि पाच-सात वर्षांनी डिपिलरिंगला येशील तेव्हा पिलर इतका चिरलेला असतो की त्यात मशीन घालायची कोणाची हिंमत होत नाही, मग पूर्ण पिलर सोडून यावं लागतं. आज मिळवलेले शंभर टन आणि उद्या गमावलेले तीन हजार टन, हा सौदा कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आणि अजून एक. तक्ता म्हणजे कायद्याने घातलेली किमान मर्यादा आहे, त्यात तुझ्या छताबद्दल काहीच लिहिलेलं नाहीये. छतासाठी आरएमआर, म्हणजे दगडाच्या मजबुतीचे मार्क, काढ, थरांची जाडी, भेगा, पाण्याने विरघळणं, ताकद आणि पाण्याचा पाझर ह्या पाच गोष्टींवरून. त्यात सगळ्यात जास्त मार्क, १०० पैकी ३०, थरांच्या जाडीला आहेत. त्यावरून बोल्ट किती आणि किती अंतरावर ते ठरतं, म्हणजे टनामागचा सपोर्टचा खर्च ठरतो. प्रोजेक्ट रिपोर्ट करशील तेव्हा हा खर्च शेवटी टाकू नकोस, पहिल्या पानावर घे.

प्रश्न: मी ओव्हरमन (पाळीचा सुपरवायझर) आहे, जागा सांगत नाही. डिपिलरिंग पॅनलचे (खाणीच्या आखून घेतलेल्या तुकड्याचे) तीन पिलर बाकी आहेत, मशीन ब्रेकडाऊनमुळे उशीर झाला आणि इन्क्युबेशन पिरियड संपत आलाय. रिटर्नमध्ये (बाहेर जाणाऱ्या हवेत) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) थोडा वाढलेला दिसतो. वरून सांगतात तेवढे तीन पिलर काढून घ्या मग सील करू. काय करावं?

भाऊ, हे उत्तर मी सगळ्यात आधी लिहिलं आणि तुम्हाला ते आधीच कळवलंही आहे. इथे बाकीच्या वाचकांसाठी सविस्तर सांगतो.

कोळसा हवेत नुसता पडून राहिला तरी ऑक्सिजन घेतो आणि गरम होतो. डिपिलरिंग करून छत पाडलं की मागे गोफ राहतो, त्यात चुरा झालेला कोळसा असतो, हवा थोडी थोडी झिरपत असते, उष्णता बाहेर जात नाही. किती दिवसांत तो स्वतःहून पेटायच्या बेताला येतो त्या काळाला इन्क्युबेशन पिरियड म्हणतात, आपल्याकडच्या बऱ्याच सीममध्ये (कोळशाच्या थरांत) तो सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान धरतात. म्हणून सीमचे पॅनल पाडतात, पॅनलचा आकार असा ठरवतात की त्या काळाच्या आत काढणं पूर्ण करून, सगळी तोंडं बंद करून बाहेर यायचं.

आता कागदावरचं एक उदाहरण घेऊ. वर सांगितला तसला एक पिलर ३७०० टनांचा, त्यातला ६० टक्के हाती येतो धरा, कारण गोफच्या कडेला रिब (कोळशाची पातळ भिंत) सोडावा लागतो. ३० पिलरचं पॅनल असेल तर साधारण ६६ हजार टन, दिवसाला ३०० टन निघाले तर २२० दिवस, महिन्याला २५ कामाचे दिवस धरून जवळजवळ नऊ महिने. इन्क्युबेशन नऊ महिन्यांचा असेल तर असलं पॅनल आखणं हाच गुन्हा आहे. म्हणून आपण शहाणपणाने २२ पिलरचं आखतो, साडेसहा महिन्यांत संपेल, अडीच महिने हातात. छान वाटतं. पण एक एसडीएल बंद पडली, सुटा भाग खरेदीच्या फायलीत अडकला आणि उत्पादन ३०० वरून २०० वर आलं की तेच पॅनल पावणेदहा महिन्यांचं झालं, म्हणजे मुदतीच्या बाहेर. छत तेच, कोळसा तोच, माणसं तीच, फक्त एक सुटा भाग वेळेत आला नाही म्हणून आग दारात आली. मी नेहमी म्हणतो की डिपिलरिंग डिस्ट्रिक्टच्या (खाणीतल्या कामाच्या भागाच्या) मशीनचे सुटे भाग हे सेफ्टीच्या बजेटमध्ये लिहा, कोणी खरेदी अडवणार नाही.

आता तुमच्या सीओचं. कायद्याने हवेत ५० पीपीएमच्या वर चालत नाही, पण तुम्ही ५० ची वाट बघू नका. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही, हवा जास्त सोडली की सीओ पातळ होऊन कमी दिसतो. ग्रॅहम रेशो काढायला लावा, म्हणजे तयार झालेला सीओ भागिले खाल्ला गेलेला ऑक्सिजन, गुणिले शंभर. अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल आणि स्थिर असेल तर ठीक, १ च्या पुढे गेला की आत गरम व्हायला लागलंय, २ च्या पुढे म्हणजे गोष्ट हाताबाहेर चाललीये. रोज त्याच जागी, त्याच वेळी नमुना घ्या आणि रेषा चढतीये का ते बघा. त्याबरोबर तुमचं नाक आणि डोळे आहेतच, भिंतींना घाम येणं, धुरकट हवा, रॉकेलसारखा वास. वास आला तर नमुन्याच्या रिपोर्टची वाट बघायची नाही.

तीन पिलर म्हणजे हातात येणारे साडेसहा हजार टन. दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा. आत पेटलं तर ते तीन पिलर तर जातातच, मशीन आत राहतात, शेजारचं पॅनल धोक्यात येतं, कधीकधी अख्खी खाण सील करावी लागते. आणि माणसं. १९९४ च्या जानेवारीत राणीगंज भागातल्या न्यू केंदा खाणीत आग लागली तेव्हा ५५ माणसं गेली, ती धुराने, सीओने गुदमरून. सीओला वास नाही, रंग नाही.

म्हणून करायचं असं. तुमच्या पाळीच्या रिपोर्टबुकात आकडा, वेळ, जागा लिहा आणि तुमचं मत लिहा, तोंडी सांगू नका. मॅनेजरची सही घ्या. ऐकलं नाही तर पिट सेफ्टी कमिटीत विषय घ्या, वर्कमेन्स इन्स्पेक्टरला (कामगारांच्या बाजूने सुरक्षा तपासणाऱ्याला) बरोबर न्या, ५०० च्या वर माणसं असलेल्या खाणीत तो नेमलेला असतोच. तरी नाही झालं तर डीजीएमएस, म्हणजे खाण सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं, आहे, पश्चिम झोनचं ऑफिस आपल्या नागपुरातच आहे. आणि धोका दिसत असेल तर माणसं बाहेर काढायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही, ते ओव्हरमनचं कर्तव्यच आहे. तोंडं बंद करायची विटा, वाळू, सिमेंट आधीपासून जवळ आणून ठेवलेलं असावं, बंद करायची वेळ आल्यावर विटा शोधत फिरणारी खाण मी बघितली आहे.

(ह्या भावाचा परवा फोन आला, पॅनल सील झालं, तीन पिलर सोडले. मला फार बरं वाटलं.)

प्रश्न: अंडरग्राउंड खाणी तोट्यात असतात तर चालवायच्या कशाला? ओपनकास्ट (उघडी खाण) खोदा, स्वस्त पडतं, माणसं मरत नाहीत. (धरमपेठ, नागपूर)

तुमच्या बोलण्यात अर्धं खरं आहे. कोल इंडियाच्या एकूण उत्पादनात अंडरग्राउंडचा वाटा पाच टक्क्यांच्याही खाली गेलाय, ओपनकास्टमध्ये एका माणसामागे एका पाळीत जेवढा कोळसा निघतो त्याच्या पासंगाला अंडरग्राउंडचा टनभर पुरत नाही. पण ओपनकास्टला वरचा सगळा दगड उचलावा लागतो, जमीन जाते, गावं उठतात, आणि एका खोलीच्या पुढे एक टन कोळशासाठी इतका दगड काढावा लागतो की तेही परवडत नाही. ओपनकास्टमध्येही माणसं मरतात, डंपरखाली आणि ढिगारा घसरून. आणि उथळ कोळसा संपत चाललाय. त्यामुळे खाली जावंच लागणार, प्रश्न नीट जायचं कसं एवढाच.

तोटा कुठे होतो ते सांगतो. पाळी आठ तासांची, पण कामगाराला इंक्लाइनने (उतरत्या बोगद्याने) दोन-अडीच किलोमीटर चालत फेसवर जायला तासाच्या वर लागतो, तेवढाच यायला, तोही चढण चढत, दमून. खरं काम चार-साडेचार तास. मॅन रायडिंग बसवलं, म्हणजे बसून न्यायची सोय केली, की हाच माणूस तासभर जास्त काम करतो आणि ताजा असतो, आणि दमलेला माणूस चुका करतो हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. हा खर्च सेफ्टीचा की उत्पादनाचा, तुम्हीच सांगा.

दुसरं हवेचं. नियम असा की माणशी मिनिटाला ६ घनमीटर किंवा रोजच्या प्रत्येक टनामागे २.५ घनमीटर, जे जास्त असेल तेवढी हवा डिस्ट्रिक्टला पाहिजे. तीनशे टनाच्या डिस्ट्रिक्टला ७५० घनमीटर झाले. फेसला हवा कमी पडते म्हटलं की पहिला प्रस्ताव येतो मोठ्या पंख्याचा. पण त्याच रस्त्यांतून २० टक्के जास्त हवा ढकलायची तर वीज जवळजवळ पावणेदोन पट लागते आणि दुप्पट हवेला आठ पट. त्या पैशाचा एक भाग जुन्या गळक्या स्टॉपिंग (हवा अडवायच्या भिंती) बुजवायला लावला तर तीच हवा फेसपर्यंत पोचते. जुन्या खाणीत पंख्याने ओढलेल्या हवेपैकी निम्मी मधल्यामध्ये गळून जाते, गवंडी आणि विटांचं काम आहे हे. मिथेन पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान स्फोटक असतो, सव्वा टक्क्याला वीज बंद करावी लागते, वीज बंद म्हणजे फेस बंद. चांगली हवा असलेली खाण जास्त तास चालते, इतकं साधं आहे.

आणि "बंद करून टाका" हेही फुकट नसतं. आपल्याकडे कोळशाच्या वर कामठी वालुकाश्म आहे, हो, आपल्या कामठीवरूनच नाव पडलंय त्या दगडाचं, तो पाणी धरून ठेवणारा दगड आहे. पंप बंद केले की जुनी खाण हळूहळू पाण्याने भरते आणि शेजारी चालू खाण असेल तर तिच्या डोक्यावर ते पाणी बसतं. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाल्यात जुन्या कामातलं पाणी फुटून ३७५ माणसं बुडाली. आपल्या शेजारी छिंदवाड्याच्या बाजूला न्यूटन चिखलीत १९५४ साली पाणी घुसूनच ६३ गेले. म्हणून नियम आहे की पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत जायचं तर परवानगी घ्या, पुढे बोअर मारत मारत जा, आणि दोन खाणींच्या हद्दीवर दोन्हीकडून साडेसात मीटर कोळसा सोडा. त्या हद्दीच्या कोळशावर कोणी नजर ठेवत असेल तर त्याला चासनाल्याचा आकडा ऐकवा. खाण नीट बंद करण्यासाठी पैसे आधीच एस्क्रो (त्याच कामासाठी राखलेल्या) खात्यात टाकायचे असतात, २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत तेव्हाच्या भावाने ओपनकास्टला हेक्टरी ६ लाख आणि अंडरग्राउंडला १ लाख धरले होते. माझ्या मते अंडरग्राउंडचा आकडा कमी होता, बंद झाल्यावरचा पाण्याचा बंदोबस्त त्यात नीट बसत नव्हता.

प्रश्न: आमच्या वावरात लांबच लांब भेगा पडल्या, विहिरीचं पाणी पण उतरलं. खाणवाले म्हणतात काही होत नाही. काय करायचं? (सावनेर तालुका)

दादा, खाली पिलर काढून छत पाडलं असेल तर वरची जमीन बसणारच, ही लपवायची गोष्ट नाही, प्लॅनमध्येच लिहिलेली असते. छत पाडून काढतात तेव्हा काढलेल्या जाडीच्या निम्म्याहून जास्त सुद्धा जमीन खाली बसू शकते, वाळू भरून काढलं तर ते अगदी थोड्या टक्क्यांवर येतं. म्हणून रेल्वे, घरं, रस्ता ह्यांच्या खाली किंवा बाजूला ४५ मीटरच्या आत पिलर काढायचे तर आधी डीजीएमएसची परवानगी लागते.

तुम्ही पहिलं हे करा की भेग कुठून कुठे गेली, किती रुंद, कोणत्या तारखेला दिसली ते लिहून ठेवा, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा, दर आठवड्याला. विहिरीत दोरी सोडून पाण्याची पातळी मोजा, तीही लिहा. मग मॅनेजरच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तलाठी आणि तहसीलदाराला प्रत द्या. पॅनल तुमच्या गटाखाली होतं का आणि जमीन किती बसेल असा अंदाज दिला होता का, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. खाणीने वरच्या लेव्हल (जमिनीच्या उंचीची मापं) घेतलेल्या असतात, त्या मागा.

पावसाळ्याआधी भेगा चिकणमातीने ठासून भरायला लावा, हे खाणीचं काम आहे आणि त्यांच्याच भल्याचं आहे, कारण त्या भेगेतून पाणी सरळ गोफमध्ये जातं आणि हवा गेली तर आत कोळसा तापतो, वर सांगितलं तसं. तोवर तिथे बैल, पोरं जाऊ देऊ नका. विहिरीचं म्हणाल तर खाण रोज पाणी उपसते त्याचा परिणाम आजूबाजूला होतो, तेच उपसलेलं पाणी शेतीला द्यायची मागणी गावाने एकत्र करा. ते मिळू शकतं, पाटणसावंगीच्या खाणीतलं पाणी शुद्ध करून बाटलीत विकलं गेलंय, तुमच्या ओलिताला द्यायला अडचण नसावी.

वाळू भरण्याबद्दल एवढंच बोलतो. पूर्वी कन्हानच्या वाळूवर हे चालायचं, आता नदीची वाळू महाग आणि मिळत नाही, म्हणून भरणं टाळायकडे कल असतो. पण ओपनकास्टच्या वरच्या दगडातून वाळू वेगळी काढायचं काम नागपूरच्या परिसरातच झालंय. ती वाळू बांधकामाला विकतात तशी खालीही उतरवावी असं मला मनापासून वाटतं, वावर वाचेल आणि पिलरमधला जास्त कोळसाही हाती येईल.

प्रश्न: मुलीला मायनिंग इंजिनिअरिंगला नंबर लागतोय. बाई माणसाला खाली जाऊ देतात का? सगळे नको म्हणतायत. (मानेवाडा, नागपूर)

जाऊ देतात. १९५२ च्या खाण कायद्यात बायकांना खाली काम करायला बंदी होती, जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने सूट दिली, टेक्निकल, सुपरवायझरी आणि मॅनेजमेंटच्या कामासाठी, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ ह्या वेळात, तिची लेखी संमती घेऊन आणि पाळीत किमान तिघी असाव्यात अशा अटीने. त्याआधी मुली डिग्री घ्यायच्या पण खाली जायला परवानगी नाही म्हणून अनुभव नाही, अनुभव नाही म्हणून मॅनेजरचं सर्टिफिकेट नाही, अशा अडकून पडायच्या.

अडचणी आहेत, खाली बाथरूमची सोय हा अजूनही खरा प्रश्न आहे आणि तो तिने इंटरव्ह्यूतच विचारावा, लाजू नये. घरच्यांना एकदा खाण दाखवून आणा, अंधाराची भीती बघितल्यावर बरीच कमी होते. तिला सर्व्हेचा विषय मन लावून करायला सांगा. चासनाल्यात काय, न्यूटन चिखलीत काय, जुनं पाणी नेमकं कुठे आहे ते नकाशावर बरोबर असणं हाच प्रश्न होता, आणि खाणीला चांगला सर्व्हेअर मिळत नाहीये.